फुलाफुलांचा शर्ट

कान्हेरीच्या लेण्यांत एका जर्मन पाहुण्याचा कॅमेरा भर दुपारी चोरीला गेला आणि संध्याकाळच्या चहाच्या आत त्याला परत मिळाला. बोरीवलीत चोरीची वस्तू सापडण्याचा हा पहिलाच प्रसंग असल्याने वडपाडा पोलीस चौकीला तोरण बांधण्यात आलं. श्रेय अर्थात फौजदार माणिकरावांच्या तपासकौशल्याचं. लवू चोर कुठे राहतो हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात आमच्या चाळीतल्या शेवंतीवहिनींचं शिलाई मशीन गेलं. संपात गिरणी बंद पडल्यापासून त्यांचा नवरा जयवंता घरीच होता आणि घरची चूल त्या मशीनवर पेटत होती. खंडेनवमीला वहिनींनी मशीनला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातली. दसऱ्याला सोनं वाटून घरी येतात, तो मशीन माळेसकट गायब. वहिनी रडल्या नाहीत. पदर खोचून चौकीवर गेल्या. शेजारधर्म म्हणून मीही गेलो.

"तुम्ही पर्यटक का?" हवालदार दशरथने विचारलं.

"मी पाठच्या चाळीतली."

"मग नाही जमणार. वरून हुकूम आहे, आधी पर्यटकांची सुरक्षा. पाहुण्याचं काही गेलं तर देशाची अब्रू जाते. तुमचं गेलं तर फक्त तुमचं जातं."

मुद्दा बिनतोड होता. मी मान डोलावली.

"मग पर्यटक व्हायचं कसं?" वहिनींनी विचारलं.

दशरथने आवाज खाली आणला. "फुलाफुलांचा शर्ट घालायचा, बस. आम्ही तेवढंच बघतो. शर्ट इथेच मिळतो. चहापाणी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे."

दुसऱ्या दिवशी जयवंता लाल जास्वंदीच्या शर्टात चौकीवर हजर झाला. त्याला खुर्ची मिळाली, वर शहाळं मिळालं.

"कुठून आलात?" माणिकरावांनी अदबीने विचारलं.

"मालवणसून."

"मुक्काम किती?"

"झाली वीस वर्षां."

"आणि बघायला काय आलात?"

"मशीन."

माणिकराव प्रसन्न झाले. तपास तत्काळ सुरू झाला.

ही बातमी चाळीत पसरायला कितीसा वेळ लागणार? द्रौपदीकाकूंनी नऊवारीवर सूर्यफुलांचा शर्ट चढवला. भटजी सोवळ्यावर मोगरा घालून सत्यनारायण सांगू लागले. आणि खोटं कशाला बोला, चोऱ्या खरोखरच थांबल्या! शर्टवाल्याच्या खिशाला हात लावायचा नाही, अशी लवूला सक्त ताकीद होती. त्यामुळे बिनशर्टाच्या लोकांवर त्याच्या कामाचा सगळा बोजा पडला आणि तेही घाईघाईने रांगेत आले. तो जर्मन पाहुणा मात्र आमच्या देशाच्या प्रेमात पडून खादीचा कुर्ता घालून पुन्हा लेणी बघायला आला, आणि बनियनवर चौकीत पोचला. स्थानिकांच्या तक्रारी तूर्त घेतल्या जात नाहीत, असं त्याला नम्रपणे सांगण्यात आलं.

शर्टांची रांग पिंपळाच्या पारापर्यंत गेली तेव्हा वहिनी तपासाची चौकशी करायला पुन्हा चौकीवर आल्या. आतल्या पडद्यामागून खडखड ऐकू येत होती. त्यांनी थबकून ऐकलं आणि पडदा ओढला. आत लवू बसून शर्ट शिवत होता. मशीनवर झेंडूची सुकलेली माळ तशीच होती.

"अरे मेल्या, ह्या माझा मशीन!"

लवू अदबीने उठून उभा राहिला. "वहिनी, ह्याला तेल कुठलं घालता? जरा जड चालतंय."

माणिकरावांनी मन मोठं केलं. "अभिनंदन! तुमची वस्तू सापडली. जयवंतराव पर्यटक आहेत, म्हणजे संध्याकाळच्या चहाच्या आत ती परत द्यायला मी बांधील आहे. फक्त एक विचार करा. मशीन गेलं की शर्ट बंद. शर्ट बंद की सुरक्षा बंद. प्रश्न सार्वजनिक आहे. आपण जनतेलाच विचारू."

जनता बाहेर रांगेतच होती. वहिनी आमच्याकडे वळल्या. "बोला ना रे! तुमच्या पोरींचे परकर मी शिवले. हे मशीन माझं आहे की नाही?"

द्रौपदीकाकू चपलेच्या अंगठ्याकडे बघत म्हणाल्या, "तुझाच गो ता. पण माझ्या सुनेचो शर्ट व्हायचो हा. चार दिवस थांब."

मशीन गेलं तेव्हा न रडलेली ती बाई आमच्यासमोर ढसाढसा रडली. वाईट वाटलं. पण रांग सोडली असती तर नंबर गेला असता.

आता वहिनीच चौकीत बसून, आपल्याच मशीनवर, आमचे शर्ट शिवतात. चूल तर पेटायला हवी. लवूला त्यामुळे पूर्वीच्या कामावर पूर्ण वेळ देता येतो. माझा शर्ट निळ्या फुलांचा आहे. काखेत थोडा घट्ट बसतो, पण झोप निर्धास्त लागते.

हसताय? हसा की. पण त्या दिवशी रांगेत माझ्या मागे उभे राहून, "अहो, पुढे सरका ना," असं तुम्हीच म्हणत होता. तुमचं माप वहिनींकडे आहे.