फर्गस मकरॉस्टी यांच्या हिरव्या डगल्याची हकीकत

श्रीगजाननाचे चरणी मस्तक ठेवोन, जैसे घडले तैसे लिहिले. पदरचे काही घातले नाही.

शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरी, दक्षिण समुद्रातील बेटी मुक्काम ओमारू येथे राजश्री फर्गस मकरॉस्टी, हिरवळीवर जड चेंडू गडगडवोन पांढऱ्या गोटीशी भिडविण्याचे खेळातील जुने सरदार, यांसी पक्षाघात जाहला आणि उजवा हात निकामी पडिला. मग क्लबाचा हिरवा डगला, ज्याविना मोसमाचे पहिले दिवशी मैदानी पाऊल ठेवणे मना, त्याच्या तीन गुंड्या एक्या हाते लागेनात. कुटुंब मॉरीनबाई लावो गेल्या, तों सरदारांचा हुकूम सुटला की, दुसऱ्याने गुंड्या लावोन दिलेला फर्गस मैदानी दिसणार नाही. आणि घरीच बैसले.

नात इओना डुनेडिन शहरी वस्त्ररचनेची विद्या शिकत होती, तीस परीक्षेस घरच्या एका माणसाची अडचण दूर करणे होते. इजने मसलत करोन गुंड्या काढिल्या आणि अस्तरात लोहचुंबक दडविले. डगला आपोआप मिटो लागला. सरदार खूश होवोन सरावास गेले. तेथे दोन चेंडू गोटीपासोन समसमान पडिले, मोजणी करणे प्राप्त जाहले, सरदार जातीने पोलादी फीत घेवोन वाकले, तों फीत उडोन छातीस चिकटली.

"अरे फर्गस, अंतर मोजतोयस की छाती?" प्रतिपक्षाचा नेव्हिल ओरडला.

मग चहाचे समयी चीज रोलांचा, म्हणजे पावाचे भाजल्या गुंडाळ्यांचा, लोखंडी पत्राही येवोन भिडला आणि सहा रोल हिरवळीवर धारातीर्थी पडिले. सरदार डगला टाकोन घरी आले.

इओना रडो लागली. मॉरीनबाई म्हणाल्या, "अगं, शिवायच्या आधी एका हातानं घालून बघितलास का?"

"बघितला ना, आजी."

"कुठल्या हातानं?"

"उजव्या."

"शाबास! त्यांचा तोच तर गेलाय."

मग इओनेने आपला उजवा हात कमरेस बांधोन दोन दिवस काढिले, ओटची लापशी अंगावर सांडली, आणि मर्म सापडले. लांबट लाकडी खुंट्या डाव्या अंगास, रुंद लवचीक फासे उजव्या अंगास. परंतु विलायती रिवाजे डाव्या अंगास गुंडी म्हणजे बायकी डगला, ही हरकत निघाली. सरदार डावा हात पुढे करोन म्हणाले, "आण इकडे."

भाद्रपद शुद्ध एकादशीस, मंदवारी, मोसम उघडला. सरदार फाटकाशी थांबले आणि समस्त मंडळींदेखत खुंट्या लावो लागले. पहिली लागली. दुसरी दोनदा निसटली. मॉरीनबाईंनी आपले हात पाठीशी घट्ट धरिले. दुसरी लागली आणि मग तिसरीही.

नेव्हिल म्हणाला, "फर्गस, हा तर बायकांचा कोट रे!"

"असू दे. घातला कुणी, ते बघ."

नेव्हिलाने टोपी काढिली.

येणेप्रमाणे एक हात, तीन खुंट्या, कुमक शून्य. सामना एकवीस विरुद्ध नऊ असा हरले, तो मजकूर क्लबाचे फळ्यावर आहे. येथे फत्ते लिहिली.