हेडक्लार्कांची चाल

रेकॉर्ड विभागाच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये हेडक्लार्क आडवे चालत होते. छाती भिंतीकडे, नजर पुढे, मागचा पाय पुढच्यावरून पलीकडे, काखेत फाइल. टायपिस्टबाईंनी ते पाहिलं आणि त्या साहेबांच्या केबिनकडे धावल्या.

खरी गोष्ट साधी होती. पंचविशीत हेडक्लार्क समुद्रात सर्फिंगच्या आखूड फळीवर उभं राहून लाटा गाजवायचे. पाय फाकलेले, गुडघे दुमडलेले, भार मागच्या पायावर. फळी अशी गर्रकन वळायची की किनाऱ्यावर शिट्ट्या पडायच्या. मग नोकरी आली, मुली आल्या, पोट आलं. ते दिवस आठवले की अजूनही त्यांच्या जिभेवर खारट चव यायची.

आता चोपन्नाव्या वर्षी त्यांनी घरी न सांगता नऊ फुटी फळी घेतली होती. पण ती वेगळ्याच स्वभावाची निघाली. तिच्यावर पाय जवळ घेऊन ताठ उभं राहायचं आणि पायावरून पाय टाकत टोकापर्यंत चालत जायचं. रविवारी ते दोनदा पाय फरफटवत गेले आणि दोनदा नाकातोंडात पाणी घेऊन वर आले. सरावाला घरात जागा नव्हती. ऑफिसात कॉरिडॉर होता.

"साहेब, हेडक्लार्कांचे पाय पायात अडकतायत!"

साहेब धावत आले. हेडक्लार्क जिन्याच्या तोंडाशी, बुटांची टोकं पायरीच्या कडेबाहेर काढून, हात पसरून, डोळे मिटून उभे.

"धरा त्यांना!"

"अहो, मी लाटेवर आहे," हेडक्लार्क दचकून म्हणाले.

"बोलणंही भरकटलं," साहेब हळहळले आणि त्यांनी हेडक्लार्कांच्या घरी फोन लावला. "वहिनी, घाबरू नका, पण असाल तशा या."

तासाभरात हेडक्लार्क बायकोसह दवाखान्यात होते. डॉक्टरीणबाई साठीच्या आणि कडक.

"बूट काढा. या फरशीच्या रेषेवरून चाला."

सरळच चालायचं त्यांनी ठरवलं होतं. पण अनवाणी पाय, समोर लांब रेष... पाय आपसूक आडवे पडले. बायकोने डोळ्यांवर हात ठेवला.

"पायाकडे काय बघताय? समोर बघा," डॉक्टरीणबाई कडाडल्या. "गुडघे सैल. मध्येच उडी कशाला? आखूड फळी गेलेली नाही तुमच्या डोक्यातून!"

हेडक्लार्क जागच्या जागी थिजले. डॉक्टरीणबाईंनी चपला काढल्या आणि खिडकीपर्यंत पाच पावलं अशी अलगद टाकली, जणू खालून पाणी वाहत होतं.

"दीपगृहाखालच्या लाटा आठवतात?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही तिथे होतात?"

"पिवळी फळी माझी. तुम्ही दरवेळी माझ्या लाटेत घुसायचात."

"ती पिवळी फळी तुम्ही!" हेडक्लार्क कानापर्यंत लाल झाले. "तेव्हा माफी मागायची राहिली."

"अहो, पण यांना झालंय काय?" बायको रडकुंडीला आली होती.

"जुनं दुखणं आहे. मलाही आहे." त्यांनी चिठ्ठी लिहिली: तोल सुधारण्यासाठी आठ दिवस समुद्रकाठी विश्रांती, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

साहेबांनी चिठ्ठी वाचून जड मनाने रजा मंजूर केली. सोमवारी दवाखान्याला कुलूप होतं आणि दारावर पाटी: 'डॉक्टरांना बरं नाही.'