जयरामच्या पडवीवर पडलेली वीज

टेम्पोवाल्याने चढावर हँडब्रेक लावला नाही, एवढंच झालं. लग्नाच्या खुर्च्यांनी भरलेला तो टेम्पो उलटा घरंगळत आला आणि टोकावड्याच्या जयरामची नवीकोरी पडवी भिंतीसकट आडवी करून थांबला. घरात कुणी नव्हतं, कोंबड्याही शाबूत राहिल्या. जयरामने कपाळावर हात मारला तो विमा आठवून.

वर्षापूर्वी एजंटने दोन पॉलिसी दाखवल्या होत्या. एकीत पूर, वादळ, गाडीची धडक, सगळं. दुसरी स्वस्त, पण तिच्यात फक्त आग आणि वीज. "आपल्या घराला कोन धडक देतंय?" असं म्हणून जयरामने स्वस्त पॉलिसीवर बोट ठेवलं, कोऱ्या अर्जावर सही ठोकली आणि अर्ज भरून मुरबाडला द्यायचं काम बायकोवर, सुंदरावर सोपवलं. आता ती माहेरी, डोळखांबच्या एका पाड्यावर होती आणि तिथे फोन लागत नव्हता.

"वीज पडली म्हनून सांग," शेजारची बाईजा म्हणाली. "मी हाय साक्षीला."

"आभाळात ढग नव्हता गो त्या दिवशी."

"मंग एकटीच आली म्हनायचं."

चौथ्या दिवशी विम्याचे साहेब पाहणीला आले. जयरामने वीज पडल्याचं सांगितलं.

"किती वाजता?"

"दुपारी बाराला. कडक उन्हात."

साहेबांनी खाली पाहिलं. "आणि ह्या टायरच्या खुणा?"

"वीज वर चढावर पडली," बाईजाने खुलासा केला, "नि मंग लोळत खाली आली."

साहेबांनी विटांच्या ढिगातून एक लाल प्लास्टिकची खुर्ची ओढून काढली. "हिच्यावर बसून?"

एवढ्यात एसटीतून उतरलेली सुंदरा पिशवी घेऊन दारात आली. "टेम्पोनं पडवी पाडली म्हनं आपली?"

"वीज गो, वीज," जयराम डोळे मिचकावत पुटपुटला.

"कसली वीज? साहेब, टेम्पोच होता, सगळा गाव सांगतोय. पॉलिसीत गाडीची धडक हाय. अर्जावर मी सोता खूण केलीय."

जयरामने डोळे मिचकावणं थांबवलं. "तू महागातली घेतलीस?"

"मंग काय! हा चढ मला रोज दिसतो. तुमी सही केलीत, वाचायचं माज्यावर सोडलंत. मी वाचलं."

"मी अजून एक अक्षरही लिहिलेलं नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "आता खरं काय ते सांगा."

जयरामने सगळं सांगून टाकलं, आणि सांगता सांगता त्याला इतकं हलकं वाटलं की तो हसायलाच लागला. बाईजा म्हणाली, "मला लांबनं वीज वाटली." मग साहेबांनाही हसू आवरेना.

फोटो झाले, मापं झाली, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी झाली. निघताना साहेब दारात घुटमळले आणि सुंदराला हळूच म्हणाले, "वहिनी, पॉलिसी घेताना तुम्ही काय काय वाचलंत? म्हणजे, मी घराची स्वस्तातलीच घेतलीय. वाचायची राहूनच गेली. आणि हल्ली आमच्या गल्लीतून डंपर जायला लागलेत."

"बसा, सांगते," सुंदरा म्हणाली आणि तिने जयरामला चहा टाकायला आत पाठवलं.