डावा पाय जड वाजतो का?

आमच्या वरच्या मजल्यावर उपासनी राहतात आणि ते घरातल्या घरात पळतात. नवे बूट आणले की पहिले काही दिवस ते बूट जिना उतरत नाहीत. हॉल ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते हॉल. मग आमची बेल वाजते.

"वहिनी, आज डावा जड वाजला का?"

पहिल्यांदा मला वाटलं, धडधडीबद्दल माफी मागायला आलेत. छे! पाऊल जड पडलं की गुडघा जातो, असं त्यांनी कुठेसं ऐकलेलं. आपल्या पावलाचा आवाज आपल्याला नीट कळत नाही, म्हणून त्यांनी आमचं छत आणि माझे कान कामाला लावले. आता मी भाजी निवडता निवडता सांगते, "डावा ठीक, उजवा फरफटतोय." आमचे हे म्हणतात, "तू पगार माग."

उपासनी विमा कंपनीतून निवृत्त झाले. अख्खा जन्म लोकांना संकटांची आठवण करून देण्यात गेला, ती सवय काही सुटली नाही. दाराला तीन कड्या का? "वेळ काय सांगून येते?" भर दुपारी खिशात टॉर्च का? "वेळ काय सांगून येते?" लग्न का केलं नाहीत, असं मी एकदा विचारलं, तर त्यालाही हेच उत्तर. त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

साठी उलटल्यावर माणसं सकाळी गुपचूप फिरायला जातात. यांनी दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव दिलं आणि माजिवड्यातल्या आमच्या सोसायटीच्या जिवाला घोर लावला.

बूट घ्यायला डोंबिवली गाठली, कारण तिथला एक दुकानदार बूट घालून गल्लीत पळू देतो. मलाही नेलं, कान म्हणून. जायचं दुपारीच, कारण दुपारपर्यंत पाय थोडे सुजतात आणि खरं माप तेव्हाच कळतं. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, टाच हलता कामा नये, मोजे रोजचेच. दुकानदार घामाघूम.

"काका, रंग कुठला दाखवू?"

"ट्रकवाल्याला लांबून दिसेल असा."

पोपटी बूट निघाले. ते घालून उपासनी गल्लीत पळत होते आणि मी पाठ फिरवून, डोळे मिटून ऐकत उभी. शेजारची भाजीवाली म्हणाली, "काय झालं ताई, चक्कर आली का? बसा जरा." बसले. बसूनच निकाल दिला.

सरावाचा त्यांचा एक नियम होता. पळताना बोलता आलं पाहिजे, बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला. म्हणून ते मोठ्याने बोलत पळायचे. सोबत कोणी नसलं तर एकटेच. इतकं करून चेहऱ्यावर आनंद म्हणाल तर औषधालाही नाही. पोटरी धरली तर? नाडी सुटली तर? मी वैतागून म्हणायची, "अहो, एवढी धास्ती आहे तर पळता कशाला?" त्यावर मात्र ते खाली वाकून बांधलेलीच नाडी पुन्हा बांधायचे.

त्यांचं आणखी एक व्रत म्हणजे ताईला फोन. ताई म्हणजे थोरली बहीण, कोलशेतला एकटी राहते. आई लवकर गेली, हिनेच त्यांना वाढवलं. सकाळ-संध्याकाळ तोच संवाद: चहा झाला? गॅस बंद केलास? बरं, ठेवतो.

शर्यतीच्या दिवशी सकाळी मी त्यांची पिशवी सांभाळत उभी होते. पिशवीत जास्तीच्या नाड्या, मीठ-साखरेचं पाणी आणि थंडीच्या दिवसांत छत्री. शर्यतीसाठी वाहनं बंद केलेली. उपासनींनी ताईला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा.

"झोपल्या असतील हो," मी म्हटलं.

"ती पहाटे उठते, वहिनी."

भोंगा वाजला. सगळे पुढे निघाले. उपासनी बाजूच्या दोरीखालून बाहेर आले आणि कोलशेतच्या दिशेने पळत सुटले.

"काका, रेस इकडेय!" झेंडा धरलेली मुलगी ओरडली.

त्यांच्यामागे मी निघाले, चपलांवर, पिशवी सावरत. रिक्षा एकही नाही. थोडा वेळ मी त्यांच्या जोडीने होते आणि ते बोलत होते, नियमाप्रमाणे, जराही दम न लागता.

"गेल्या वर्षी ताई न्हाणीघरात पडली. तिचा फोन आला, मी रिक्षा केली. ह्याच नाक्यावर अडकलो. पुढे नाही, मागे नाही. उतरलो, म्हटलं पळत जाऊ. त्या तिथे, त्या दुभाजकापर्यंत गेलो आणि मटकन बसलो. छाती फुटायला आलेली. लोक पाणी देत होते आणि मला दिसत होती ताई, ओल्या फरशीवर. शेवटी शेजाऱ्यांनी दार फोडलं. मी पोचलो तेव्हा तिच्या पायाला प्लास्टर घालून झालेलं. मला म्हणाली, 'आलास?' बास, एवढंच."

पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण माझ्या पोटात कळ आली आणि मी मागे पडले. त्यांना आजवर फार हसले होते मी. ट्रकवाल्यासाठी घेतलेले पोपटी बूट तेवढे लांबवर दिसत होते, त्यांच्या रोखाने चालत राहिले.

ताईंच्या मजल्यावर पोचले तेव्हा उपासनी दोन्ही हातांनी दार ठोकत होते. समोरचे गृहस्थ हातोडी शोधायला आत गेलेले. तेवढ्यात गच्चीच्या जिन्यावरून काठीचा आवाज आला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात रिकामी परात. ताई गहू वाळत घालायला गेल्या होत्या, फोन घरात उशाशी.

त्यांनी भावाला आपादमस्तक न्याहाळलं. छातीवरचा नंबर पाहिला, बूट पाहिले.

"अरे, संपली पण शर्यत? कितवा आलास?"

उपासनी भिंतीला टेकले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण धाप लागलेली नव्हती.

"वेळेवर आलो, ताई."