घटनास्थळाला हात लावू नये

खेळताना माणसाला ज्या इजा होतात त्यांचं मुख्य कारण खेळ हे आहे. हा शोध आमच्या बॅडमिंटन मंडळाच्या अध्यक्षांनी लावला. ते दातांचे निवृत्त डॉक्टर आहेत. त्याआधी आम्ही अडाण्यासारखे बुटांना, फरशीला आणि वयाला दोष देत होतो.

मंडळ म्हणजे पत्र्याच्या छपराचा एक हॉल, त्यात एक कोर्ट, एक नेट आणि भिंतीलगत एक बाक. माझं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. ते जरा उशिरा उघडलं तरी कुणाचं अडत नाही, म्हणून मी आणि आमची ही रोज सकाळी खेळायला जायचो. ती डावीकडे, मी उजवीकडे. शटल मधोमध आलं की ती ओरडायची, "माझं." बऱ्याचदा ते माझं असायचं, पण कोर्टावर बायकोशी कोण वाद घालणार.

मग आमच्यातल्या बेकरीवाल्याचा घोटा मुरगळला. तो तेव्हा हॉलबाहेरच्या पायऱ्यांवर होता आणि फोनवर पावाची ऑर्डर घेत होता. पण खेळ नसता तर तो हॉलवर आला नसता, आणि हॉलवर आला नसता तर पायरीवर उभा राहिला नसता. या युक्तिवादात कुणालाही खोट काढता आली नाही. त्याच दिवशी इजा प्रतिबंध समिती स्थापन झाली आणि तिने पहिला ठराव केला: चौकशी पूर्ण होईपर्यंत घटनास्थळाला हात लावू नये.

त्यामुळे पायऱ्यांना दोरी बांधली गेली. बेकरीवाल्याची एक चप्पल अजून तिथेच आहे, कारण चौकशी अजून चालू आहे. आम्ही तेव्हापासून मागच्या दाराने जातो. (त्या बुटक्या दारावर तिघांची टाळकी आपटली. दार खेळात सहभागी नसल्याने त्यांची नोंद झाली नाही.)

समितीने सभासदांकडून सूचना मागवल्या. ही उठून म्हणाली, "अंग गरम करा, बुटाच्या नाड्या नीट बांधा, दुखलं की थांबा. यापेक्षा जास्त काय असतं?" अध्यक्षांनी सूचना चांगली असल्याचं मान्य केलं. फक्त ती फार आखूड होती. एवढ्याशा सूचनेला समिती कशाला लागेल, असा प्रश्न कुणी विचारला असता.

म्हणून सविस्तर नियम आले. आधी मान, मग खांदे, मनगटं, कंबर आणि बोटं (हातापायाची, प्रत्येकी वेगळी) यांचा व्यायाम. तो संपेपर्यंत हॉलची वेळ जवळपास संपायची, त्यामुळे खेळायला वेळ उरेनासा झाला आणि इजा निम्म्यावर आल्या. उडी मारायला बंदी झाली. स्मॅशला बंदी झाली, कारण त्याने खांदा दुखावतो आणि समोरच्याचा अपमानही होतो. मागे धावायला बंदी झाली. डोक्यावरून गेलेलं शटल परत केल्याचं समजावं, असं ठरलं. दुसऱ्या वर्षी एकाची मान धरली, पण ती मानेचा व्यायाम करताना धरल्यामुळे ती इजा न मानता व्यायामाची फलश्रुती मानण्यात आली.

पुढचा नियम पन्नाशी ओलांडलेल्या सभासदांसाठी होता. त्यांनी यापुढे प्रेक्षक म्हणून खेळात भाग घ्यावा. तूर्त तो फक्त बायकांना लागू झाला. पुरुषांचा अभ्यास व्हायचा होता. (अध्यक्ष सत्तरीचे आहेत.) अशी बाई मंडळात एकच होती, आमची ही. तिला कोर्टाच्या कडेला हातांची एक चांगली खुर्ची देण्यात आली आणि तिच्या जागी बेकरीवाला आला. ती खुर्चीतूनही "माझं" असं ओरडायची. समितीने तिला घशाला ताण पडेल म्हणून समज दिली.

गेल्या वर्षी ती गेली. घरीच खुर्चीत बसून वाटाणे सोलत होती. हृदयाचं काहीतरी, असं डॉक्टर म्हणाले. (हे खरे डॉक्टर.) निम्म्या शेंगा राहिल्या होत्या. त्या मी सोलल्या, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. बसण्यामुळे काही झालं असं मी म्हणत नाही. बसल्याने इजा झाल्याची एकही नोंद समितीकडे नाही.

शोकसभा झाली. संपूर्ण कारकीर्द इजेविना पूर्ण करणाऱ्या त्या मंडळाच्या पहिल्याच सभासद, असं अध्यक्ष म्हणाले. टाळ्या वाजवाव्यात की नाही याबद्दल लोकांचा थोडा गोंधळ झाला.

यंदा मंडळाला वरच्या संघटनेकडून 'इजामुक्त हॉल' अशी ढाल मिळायची होती. वर्ष संपायला एक आठवडा राहिला असताना समितीच्या लक्षात आलं की हॉलमध्ये एक धोका अजून शिल्लक आहे. नेट. नेट बांधलेलं असलं की माणसाला पलीकडे काहीतरी पाठवावंसं वाटतं, असं अध्यक्षांनी समजावून सांगितलं. तेव्हा रविवारी नेट काढायचं आणि कोर्टात खुर्च्या मांडून ढालीचा समारंभ करायचा, असं ठरलं.

हे नेट एकदा मधोमध फाटलं होतं. नवीन आणायची चर्चा चालू होती, तेवढ्यात हिने माझा जुना स्वेटर उसवून हिरव्या लोकरीने ते शिवून टाकलं होतं. चर्चा बरीच नंतर संपली.

आईच्या साड्यांची आवराआवर करायला लेक आली होती. ती म्हणाली, "बाबा, नेट मागून घ्या ना घरी."

"घरी पलीकडे कोण उभं राहणार?" मी म्हणालो. मग बराच वेळ आम्ही दोघं साड्यांच्या घड्या घालत बसलो.

मी समितीकडे गेलो आणि नेट काढण्याआधी एक डाव खेळू द्या म्हणालो. दुःखात माणसाचा गुडघ्यांवरचा ताबा कमी होतो, अशी हरकत निघाली. शेवटी परवानगी मिळाली, ती अशी: दोन्ही गुडघ्यांना पट्टे, व्यायाम पूर्ण, धावणं नाही. शिवाय जोडीदार नसणं हा जोडीदाराशी टक्कर टाळण्याचा सर्वात खात्रीचा उपाय असल्याने मी एकट्याने खेळावं. समोर अध्यक्ष आणि बेकरीवाला.

रविवारी खुर्च्या भिंतीशी रचून ठेवल्या होत्या. लेक आईच्या खुर्चीत बसली. बेकरीवाल्याने सर्व्हिस केली. शटल माझ्या डावीकडे आलं, अगदी हातभर अंतरावर. मी जागचा हललो नाही.

"तुझं," मी म्हणालो.

शटल खाली पडलं. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. ते सगळ्यांकडे वळून म्हणाले, "संयम बघा. याला म्हणतात इजामुक्त खेळ."

दुसरं शटलही तिकडेच आलं. तेही मी पडू दिलं. तिसरं आलं तेव्हा लेक खुर्चीतून उठली. हिची रॅकेट माझ्या पिशवीतून काढायची राहून गेली होती, ती तिने ओढून घेतली आणि "माझं" म्हणत धावली. व्यायाम नाही, पट्टे नाहीत. शटल नेटवरून गेलं, अध्यक्षांच्या पायाशी पडलं, आणि लेक गुडघ्यावर आपटली.

अध्यक्षांच्या तोंडचं पाणी पळालं. "काय केलंस हे, पोरी?"

"काही नाही हो काका, नुसतं खरचटलंय."

"खरचटणं ही इजा असते."

तोवर दोघेजण नेट सोडायला पुढे आले होते.

मी म्हणालो, "डॉक्टर, चौकशी पूर्ण होईपर्यंत घटनास्थळाला हात लावता येणार नाही. तुमचाच ठराव आहे."

अध्यक्षांनी बेकरीवाल्याकडे पाहिलं.

"माझी चप्पल अजून तिथेच आहे," बेकरीवाला म्हणाला.

अध्यक्ष तत्त्वाचे आहेत. त्यांनी खुर्च्या परत पाठवल्या, ढालही. नेट आहे तिथे, आहे तसं राहिलं.

चौकशी उत्तम चालू आहे. शटल डावीकडे नेमकं कसं आलं हे ठरवण्यासाठी रोज सकाळी घटनेचं प्रात्यक्षिक करावं लागतं. नाड्या बांधून, अंग गरम करून आम्ही ते तासभर करतो आणि दुखलं की थांबतो. परवा अध्यक्षांनी चौकशीच्या कामी स्मॅश मारून पाहिला. दोन दिवस खांद्याला शेक घेत होते, पण चेहऱ्यावर इतकी टवटवी मी पूर्वी पाहिली नव्हती. लेक दर महिन्याला साक्ष द्यायला येते. ती डावीकडे उभी राहते.

अर्थात हा मार्ग सगळ्यांसाठी नाही, याची समितीला जाणीव आहे. तुमचंच घ्या. हे सगळं वाचताना तुम्ही धावला नाहीत, उडी मारली नाहीत, हात लांब केला असेल तर तो चहाच्या कपासाठी. समितीच्या दृष्टीने तुम्ही आदर्श खेळाडू आहात. कोर्टाच्या कडेची ती हातांची खुर्ची सध्या रिकामी असते. पाठीला आराम आहे, वाराही लागतो. तुमच्यासाठी राखून ठेवतो.

येताना वाटाणे तेवढे घेऊन या.