उद्या सकाळी दाढ काढू

दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर ‘कृपया थांबा’ असं आलं की धाकट्याचा जीव कासावीस व्हायचा. दवाखाना दातांचा, त्याच्या ताईचा. तिथल्या कॉम्प्युटरची उस्तवार मात्र त्याच्याकडे. पेशंटांना निरोप धाडणारी त्याची जुनी स्क्रिप्ट, म्हणजे त्यानेच लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, जागी होईपर्यंत तो दोनदा तरी खुर्चीतून उठून परत बसायचा.

शेवटी वैतागून त्याने ती प्रोग्रॅमिंगच्या एका नव्या फंक्शनल भाषेत लिहून काढली. छोटी छोटी फंक्शन्स, एकातून निघालेलं थेट दुसऱ्यात, आणि हाक मारायच्या आत ओ!

“ताई, दाबून तर बघ!”

ताईने एका गृहस्थांसाठी लिहिलं, ‘उद्या सकाळी या. दाढ काढू.’ बटण दाबलं आणि नेहमीसारखं मग वाचायला घेतलं.

“अरे, वर ‘सर्व पेशंट’ राहिलंय! रद्द कर, रद्द कर!”

“गेलासुद्धा!” धाकटा अभिमानाने म्हणाला आणि मग त्याचा चेहरा उतरला.

“गेला कसा? आत्ता तर दाबलं!”

“तेच तर सांगत होतो ना...”

फोन खणखणला. एक आजोबा होते. “डॉक्टर, माझी अख्खी कवळी तुम्हीच बसवलीत. आता दाढ कोणाची काढताय?”

धाकट्याला कुठला दम निघतोय! ‘आधीचा निरोप चुकीचा. कोणीही येऊ नये.’ लिहिलं, दाबलं, गेलं. सर्वांना गेलं, म्हणजे ज्यांची दाढ खरोखरच काढायची होती त्या गृहस्थांनाही. ते उगवले दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, सुजलेल्या गालाला टॉवेल बांधून. त्यांना बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या वाटचंही त्यांची बायको बोलली.

“बास झालं,” ती दोघं गेल्यावर ताई म्हणाली. “आता बाहेरचा माणूस बघते. तू हात लावायचा नाहीस.”

ताईच्या उपयोगी पडावं असं एवढं एकच काम धाकट्याला येत होतं, आणि तेही हातचं चाललं होतं. बसून विचार केल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. जुनी स्क्रिप्ट रेंगाळायची, तेवढ्यातच ताई आपलं लिहिलेलं वाचायची. अगदी जिवावर आलं, तरी त्याने नव्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली : धाडण्याआधी काही करू नकोस, जरा नुसती बस.

सकाळी ताईने बटण दाबलं. वाचलं. जीभ चावली, रद्द केलं, नाव बदलून पुन्हा दाबलं. धाकटा मागे बोटं मोडत, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभा होता.

“वा! किती शांत, समजूतदार आहे रे हे,” ताई खूश होऊन म्हणाली. “कुणाकडून लिहून घेतलंस?”