गादीखालची तळी

ईशान आणि मीरा,

परवा व्हिडिओ कॉलवर आमच्या समोरच्या इंगळेबाई मध्येच डोकावल्या आणि मीराला म्हणाल्या, "वजन किती वो बेटा तुयं?" मीराने घाबरून फोन आईकडे दिला. दिवाळीत तुम्ही अमरावतीला येणार, तेव्हा त्यांची गाठ पडणारच. म्हणून आताच सांगून ठेवते. बाई भल्या आहेत. त्यांना वजन लागतं ते फुलांसाठी.

इंगळेबाई शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या, मी इंग्रजी. निवृत्तीनंतर राजापेठेतल्या एकाच गल्लीत आम्ही समोरासमोर आलो. वऱ्हाडातल्या तळ्यांतली रानटी कमळं आणि कुमुदिनी गोळा करणं हा त्यांचा उद्योग. फूल, पान, देठ वर्तमानपत्रात पसरायचं, दाबून वाळवायचं, मग जाड कागदावर चार टाके घालून बसवायचं आणि खाली चिठ्ठी लावायची: नाव, गाव, तारीख. दाबायला लाकडी चौकट आहे, पण बाईंचा विश्वास गादीवर. गादीखाली कमळं, गादीवर पाहुणे. "बसा. तिकडं नाही, या कोपऱ्यात. हा कोपरा कच्चा हाय अजून." बारीक माणसाला त्या खुर्ची देतात. मला पहिल्या दिवसापासून गादीवर मधोमध मानाची जागा. बरेच दिवस मी समजत होते, हा माझ्या इंग्रजीचा मान आहे.

तळ्यावर मला नेत, कारण माझं अक्षर चांगलं. मी काठावर छत्री आणि वही घेऊन, पांढरे कॅनव्हासचे बूट घालून उभी. बाई पदर खोचून कमरेइतक्या पाण्यात. ही फुलं दुपारपर्यंत मिटतात, म्हणून त्यांची फुलांशी बोलणी चालत: "थांब माय, मिटू नको, आलो मी!" एकदा मी काठावरून "पायाखाली बघा, बाई!" असं बजावलं आणि बजावता बजावता स्वतःच चिखलात बसले. त्यांनी वळून पाहिलं. "अवो, तुमी काहून आल्या? तुमचं काम तं कोरडं होतं."

आता माझा पराक्रम.

दोन वर्षांपूर्वी बाई भाचीच्या लग्नाला अकोल्याला, जुन्या शहरात गेल्या. चौकटीत नुकतीच आणलेली अकरा फुलं होती. पाण्यातलं झाड ओलं, त्यामुळे सुरुवातीला रोज कागद बदलावे लागतात, नाहीतर बुरशी धरते. "कागद तेवढे बदलजा," म्हणून त्या गेल्या. मी मिशनच्या शाळेत वाढलेली. तिथे नखं तपासत, रुमालाची घडीसुद्धा तपासत. मी वर्तमानपत्रांना इस्त्री केली, सगळे कागद बदलले आणि जुने ओले कागद उन्हात वाळवून रद्दीवाल्याला देऊन टाकले.

बाई परत आल्या, चौकट उघडली.

"नंबर कुठी हाय?"

"कसला नंबर?"

"कागदाच्या कोपऱ्यात. पेन्सिलनं."

फूल कोणत्या तळ्यातलं, ते वहीत नंबरापुढे लिहिलेलं असतं आणि तो नंबर असतो फुलाखालच्या कागदावर; कागद बदलला की नव्यावर उतरवून घ्यायचा. कागद गेला की फुलाचं गाव गेलं. शहरातलं एक कॉलेज बाईंचा सगळा संग्रह घेणार होतं, पण गाव असलेलीच फुलं.

"रद्दीत दिले," मी म्हणाले. "घड्या घालून दिले."

"घड्या घातल्या ते लय बेस केलं," बाई म्हणाल्या आणि चप्पल घालू लागल्या.

रद्दीच्या दुकानात आम्ही दोघी निवृत्त शिक्षिका जमिनीवर बसलो. ओल्या पानाचा डाग कागदावर जसाच्या तसा उमटतो. बाई डाग पाहून फूल ओळखत होत्या. नऊ कागद सापडले. दोन भजीवाल्याकडे गेले होते आणि भज्यांसकट गावात पसरले होते. ती दोन्ही फुलं नेमकी एकाच जातीची, कापसासारखी केसाळ पांढरी कुमुदिनी. एक इथल्या जवळच्या तळ्यातलं, एक पातूरकडच्या. कोणतं कुठलं, डोळ्यांनी सांगता येत नव्हतं. निदान मला.

बाईंनी मात्र एकावर अलगद बोट ठेवलं. "हे आमचं. पातूरकडचं."

"मग लिहा की! कोण विचारायला येणार आहे?"

"मले माहीत हाय, बाई. पण कागदाले माहीत नाही. पोरींले जन्मभर काय शिकवलं आपण? अंदाजानं लिहू नका म्हणून."

मग त्यांनी सांगितलं, पूर्वी कधीच सांगितलं नव्हतं ते. दुष्काळात ते तळं खोल करायला त्यांची आई माती वाहायची. लहानग्या बाई तळ्याच्या पाळीवर बसलेल्या, मधल्या उरल्यासुरल्या पाण्यातली फुलं मोजत. आईचा फोटो कधी काढलाच गेला नाही. मला रडू आलं.

"आता तुमी काहून रडून राहिल्या? फूल तं हाय ना."

गेल्या महिन्यात कॉलेजची माणसं संग्रह घेऊन गेली. बिनगावाची ती दोन फुलं त्यांनी परत दिली. त्याच संध्याकाळी बाई पातूरचं फूल घेऊन माझ्या दारात आल्या.

"हे तुमी ठेवा. चिठ्ठीवर लिहिता येत नाही, पण तोंडानं सांगता येते. मले ना लेकरू ना बाळ. तुमाले नातवंडं हायेत. सांगजा त्याइले."

म्हणून सांगितलं.

त्या तळ्यावर आता लेआउट पडला आहे, प्लॉट विकले गेले आहेत. फूल माझ्या कपाटात आहे. पाच पाकळ्या, तपकिरी झालेल्या. काठांवरचे केस शाबूत आहेत.